एकसष्टावी आवृत्ती

१

अकोल्याहून आलेल्या गठ्ठ्याची सुतळी सूर्यभानजींनी कापू दिली नाही. नखाने गाठ सोडवली, कागद बाजूला केला आणि वरची पुस्तिका नाकाशी नेली. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढलेल्या माणसाला एवढी हौस असतेच. मग त्यांनी दुसरं पान उघडलं आणि श्रेयनामावली वाचली. एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

शाहीनचं नाव नव्हतं.

खरं सांगायचं तर त्यांना क्षणभर बरं वाटलं. अगदी क्षणभर, जिभेवर साखरेचा कण विरघळावा तसं. लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली आणि त्यांनी पुस्तिका सीमाताईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

वऱ्हाडी बोलीच्या शब्दकोशाचं हे कार्यालय अमरावतीत, राजापेठेत, एका दवाखान्याच्या माडीवर होतं. दोन खोल्या, चार माणसं. सीमाताई प्रमुख, नितेश आणि शाहीन संगणकाचं पाहणारे, आणि सूर्यभानजी भाषेचे तपासनीस. कोशाची चाळीस पानांची नमुना पुस्तिका शनिवारी अकोल्यात प्रकाशित व्हायची होती. आज गुरुवार.

"ही तर जानेवारीची आहे," सीमाताई पानं उलटत म्हणाल्या. "शाहीन यायच्या आधीची. इथे बघा, 'संगणक रचना: नितेश'. आणि शब्द किती, तर फक्त दोनशे. आपण चौदाशेवर आलोय."

नितेश दारात उभा होता. त्याच्या तोंडाचा रंग गेला.

कोशाचं सगळं काम एका सर्व्हरवर होतं आणि सर्व्हरचा स्वभाव एखाद्या जुन्या कारकुनासारखा होता. तो काहीच टाकून देत नसे. कुणी एक अक्षर बदलून काम जतन केलं की तो त्याची वेगळी आवृत्ती ठेवायचा, तिला पुढचा आकडा द्यायचा, आणि कुणी बदललं, का बदललं, तेही लिहून घ्यायचा. आतापर्यंत बासष्ट आवृत्त्या झाल्या होत्या. ज्याला जी हवी ती त्याने मागायची. अकोल्याच्या छापखान्यातल्या वकारनेही तशीच मागायची आणि छापायची. कुणी काय मागितलं आणि सर्व्हरने काय दिलं, याचीही नोंद राही.

सीमाताईंनी ती नोंद उघडली. बुधवार, सकाळी अकरा चाळीस, अकोला. मागितली: पहिली. दिली: आवृत्ती एक.

"म्हणजे सर्व्हर चुकला नाही," सीमाताई म्हणाल्या. "तिथून कुणीतरी पहिलीच मागितली."

त्यांनी वकारला फोन लावून आवाज मोठा केला. वकार गोंधळला. मी तर सांगितलं तसंच केलं, म्हणाला. मग सहज बोलून गेला, "नितेशभाऊले विचारा ना ताई. काल थे इथंच होते की."

नितेशने बुधवारची रजा घेतली होती. नांदगाव खंडेश्वरला आईची तब्येत बरी नाही म्हणून.

२

"राजीनामा द्यायचा की मी काढू, ते तू ठरव," सीमाताई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत."

सूर्यभानजी सहसा कुणाच्या भांडणात पडत नसत. पण त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मला उद्याचा दिवस द्या. अकोल्याला जाऊन येतो." सगळे त्यांच्याकडे पाहू लागले तेव्हा ते चाचरत म्हणाले, "चुका शोधणं हेच आयुष्यभर केलं. जमेलच असं नाही म्हणा."

त्यांना स्वतःलाही हा उत्साह कळेना. सकाळच्या त्या साखरेच्या कणाची भरपाई करायची असावी.

डोमाजींच्या चहाच्या टपरीवर त्यांनी नितेशला गाठलं. नितेश काचेचा पेला हातात नुसता फिरवत होता.

"मले चोर समजून राहिले का काकाजी तुमी पन?"

"मी काहीच समजत नाही. अकोल्याला का गेलास?"

"पाहाले."

"काय पाहायला?"

नितेशने पेला ठेवला. "शाहीननं वकारच्या मशीनवर मागनीची पद्धत कशी बसवली थे पाहाले. माझी पद्धत सोपी होती. आकडा सांगा, आवृत्ती घ्या. विषय संपला. पन ताईले तिची आवडली. मानसानं आपल्या शब्दात मागावं म्हने. दोन महिने झाले काकाजी, ताई मले एक गोष्ट विचारत नाई. सगळं शाहीन, शाहीन. मंग म्हटलं, जाऊन पाहू, काहीतरी चूक सापडन."

"सापडली?"

"नाई ना. चांगली हाये. थेच तर दुखते."

डोमाजी चहा गाळता गाळता म्हणाले, "आन परवा इथंच बसून म्हनत नोता का तू, माझं नाव पयले होतं, पयलेच राहीन?"

"म्हनलं होतं," नितेश म्हणाला. "तुमच्या चहात मीठ पडलं तरी मी काहीतरी म्हनतोच ना डोमाजी. म्हनून मीठ मीच टाकलं असं होते का?"

"मशीनला हात लावलास?" सूर्यभानजींनी विचारलं.

"आईशपथ नाई. चहा पेलो, वकारशी गप्पा हाकल्या, साडेअकराले उठलो."

"पण 'पहिली' मागितल्यावर आवृत्ती एक द्यायची, हे सर्व्हरला शिकवलं कुणी?"

"मी," नितेश म्हणाला. "सर्व्हर माझाच हाये. पन कागदावर लिवलं थेच शिकवलं. पहिली मागतली तं पहिली दे. त्याच्यात माझं काय डोकं?"

सूर्यभानजींना तो खरं बोलतोय असं वाटलं. पण माणसांच्या बाबतीत त्यांना वाटलेलं क्वचितच खरं ठरे.

३

शाहीन टेबलाशी ताठ बसली होती. वलगावहून रोज ये-जा करणारी ही मुलगी सूर्यभानजींशी बोलताना शब्द तोलूनमापून बोले. ती घाबरते, हे त्यांना कळत होतं. ते त्यांना आवडतही होतं, आणि ते आवडतं हे मात्र आवडत नव्हतं.

ती येण्यापूर्वी शब्दांबद्दल काही अडलं की सीमाताई सूर्यभानजींकडे वळत. मागणीसाठी त्यांनीही शब्द सुचवले होते: अद्ययावत, पूर्ववर्ती, मूळ. स्वच्छ यादी होती. सीमाताईंनी ती वाचून हसून बाजूला ठेवली आणि शाहीनला म्हणाल्या, तू काढ ग, लोक बोलतात तसे. त्या दिवसापासून सूर्यभानजींची खुर्ची तीच होती, जागा तीच होती, पण तिच्यावर आपण उगाच बसलोय असं त्यांना वाटे.

"वकारला तू काय सांगितलं होतंस?"

"मी त्याला फोन करून सांगितलं होतं," शाहीन सावकाश म्हणाली, "की ताजी आवृत्ती घेऊ नकोस, कारण त्यात 'ढ'चं काम अर्धवट आहे. तिच्या आधीची घे."

"म्हणजे एकसष्टावी."

"हो."

"मग आकडाच का नाही सांगितलास?"

"आकडा लक्षात ठेवावा लागू नये, त्यासाठीच तर ही पद्धत केली सर."

"चाचणी केली होती का?"

"मी आणि नितेशने मिळूनच केली. एक नमुना फाईल होती, दोन आवृत्त्यांची. मी इकडून मागायची, तो तिकडे पाहायचा. दहा वेळा मागितली, दहाही वेळा बरोबर आली." ती थांबली. तिची नजर त्यांच्या खिशातल्या लाल पेन्सिलीवर गेली आणि परत खाली आली. "मागणीच्या शब्दांचा कागद तर तुम्ही तपासलेलाच वापरला सर. जसाच्या तसा. त्याचीच प्रत नितेशला दिली, त्याचीच अकोल्याला."

तो कागद सूर्यभानजींना चांगला आठवत होता. एका पानात सतरा दुरुस्त्या. सतराव्या खुणेनंतर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली तेव्हा किती हलकं वाटलं होतं.

"नितेशने असं केलं असेल?" त्यांनी विचारलं.

"तो माझ्यावर जळतो, हे मला माहीत आहे," शाहीन म्हणाली. "पण जळणारा माणूस आपलं नाव पुढे आणताना दुसऱ्याचे बाराशे शब्द कसे काय गाळेल? त्यातले निम्मे त्यानेच भरलेत."

सूर्यभानजी उठले. हा साधा मुद्दा आपल्याला आधी सुचला नाही, तिला सुचला, याचा त्यांना पुन्हा थोडा राग आला.

४

शुक्रवारी सकाळच्या एसटीने ते निघाले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरले नाहीत. पिशवी मांडीवर धरून बसून राहिले. अकोल्यात जुन्या शहरात वकारचा छापखाना शोधायला त्यांना चार जणांना विचारावं लागलं.

वकारने खुर्ची पुसून दिली. तिशीचा, बोलका, मशीनच्या खडखडाटामुळे मोठ्याने बोलायची सवय लागलेला. "बसा चाचा. पानी घ्या पयले. ताई लय गरम हायेत का?"

"नितेशने मशीनला हात लावला होता?"

"नाई हो. त्यानं तं नुसतं पाह्यलं आन तोंड पाडून बसला. मी म्हटलं, काय भाऊ, लग्न मोडलं का? थो गेला, मंग शाहीनचा फोन आला, मंग मी मागतलं."

"शाहीनने नेमकं काय सांगितलं? तिचेच शब्द सांग."

"तिचेच?" वकार हसला. "आमी काय शुद्ध मराठीत बोलतो का चाचा? आमची सोयरीक हाये. म्हने, ताजी मत ले, पहलेवाली ले."

सूर्यभानजींनी हातातला पेला खाली ठेवला.

"मग?"

"मंग मी कागद पाह्यला." मशीनच्या वर भिंतीला तो कागद चिकटवला होता. वकारने बोट ठेवून दाखवलं. "पयली ओळ, ताजी. थे तं नको म्हने. दुसरी ओळ, पहिली. म्हटलं हेच पहलेवाली. थेच टाकलं."

"पण पहिली म्हणजे आवृत्ती एक."

वकारने त्यांच्याकडे, म्हाताऱ्याला ऊन तर लागलं नाही ना, अशा नजरेने पाहिलं. "एक नंबर पायजे असता तं मी एक टाकलं नसतं का चाचा? तिसऱ्या ओळीत लिवलं ना, 'किंवा आवृत्तीचा आकडा'. एकासाठी कोन अलग शब्द ठेवते? ताजी म्हंजे आताची, आन पहिली म्हंजे पयलेची. हिच्या पयलेची."

मशीन खडखडत राहिलं. सूर्यभानजी कागदाजवळ गेले. टंक सुबक होता, एकही चूक नव्हती. 'पहिली मागितल्यास सर्व्हरने पहिली द्यावी.' हे वाक्य त्यांनी पूर्वी किती समाधानाने वाचलं होतं.

वकारच्या घरात, वलगावात, डोमाजींच्या टपरीवर, 'पयले' म्हणजे आधी. 'पहिली' म्हणजे एक नंबरची, हे पुस्तकातलं. कागदावर शब्द पुस्तकातला होता आणि मागणारा माणूस बोलीतला.

शाहीन लोकांच्या बोलीतले शब्द काढणारी मुलगी. तिने हा शब्द लिहिलाच नसता.

तो कुणी लिहिला, हे त्यांना ठाऊक होतं.

५

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. बोरगावच्या पुढे गेल्यावर त्यांनी पिशवीतून जाडसर पाकीट काढलं. दुरुस्त केलेले मूळ कागद ते कधी टाकत नसत, छापखान्यातली सवय. शाहीनच्या हाताचा कागद त्यात होता. निळी शाई, उजवीकडे झुकलेलं अक्षर.

'पयलेची मागतली तर सर्व्हरनं पयलेची द्यावी.'

दोन्ही 'पयलेची' लाल रेघेने कापलेल्या, वर नीटस अक्षरात 'पहिली'.

त्यांना शब्द कळला नव्हता असं नव्हतं. त्यांची आई मैनाबाई रोज म्हणायची, सुऱ्या, पयलेची भाकर संपव, मंग ताजी घे. ताजी आणि पयलेची. शाहीनने लिहिलेली जोडी हीच, शब्दही हेच. वाचल्यावर आतून कुठेतरी ओळख पटली होती, आणि ती पटली म्हणूनच पेन्सिल जास्त दाबली गेली होती. हा शब्द मला सुचायला हवा होता. माझ्या आईचा शब्द. तो त्या पोरीने लिहावा, आणि माझ्या यादीत 'पूर्ववर्ती' असावं.

पन्नास मैलांच्या प्रवासात माणूस स्वतःला बरंच काही सांगू शकतो. हा कागद फक्त माझ्याजवळ आहे. वकारचं मराठी कच्चं, असं म्हटलं की प्रकरण मिटेल. किंवा शाहीनने संदिग्ध शब्द वापरला असं म्हणता येईल. टंकलेल्या प्रतीवर लाल खूण कुठे आहे? नितेशची नोकरी वाचेल, शाहीनचा तोरा उतरेल, आणि अडलेल्या शब्दासाठी सीमाताई पुन्हा इकडे वळतील.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. खिडकीखाली कचऱ्याची पेटी होती. कागद हातात होता. त्यांनी तो एकदा दुमडला, मग आणखी एकदा.

शेजारच्या बाईने विचारलं, "फेकाचा हाये का बावाजी? द्या, मी टाकते, मी उतरूनच राहिली."

बाईने हात पुढे केला.

६

चार वाजता तिघेही सीमाताईंच्या टेबलाभोवती होते. नितेशने राजीनामा लिहून आणला होता. घडी खिशातून डोकावत होती.

सूर्यभानजी उभेच राहिले. बसून बोलायचं धाडस नव्हतं.

"पहिली गोष्ट, मशीनला नितेशने हात लावलेला नाही. वकार सांगतो. दुसरी, वकारने जे मागितलं ते शाहीनने सांगितलं तेच. शाहीन, तू त्याला 'आधीची' म्हणाली नव्हतीस. 'पहलेवाली' म्हणाली होतीस. मला सांगताना तू शब्द बदललास."

शाहीन लाल झाली. "तुमच्यासमोर कसं बोलू सर तसं."

"तिसरी, नितेशने सर्व्हरला तेच शिकवलं जे कागदावर होतं. तिघंही खरे. मागणाऱ्या यंत्राने नुसता शब्द पाठवला; अर्थ सर्व्हरवर होता. मागणाऱ्याचा 'पहिली' वेगळा आणि देणाऱ्याचा 'पहिली' वेगळा."

"पण चाचणीत बरोबर आली होती ना?" सीमाताईंनी विचारलं.

"फाईलला आवृत्त्या दोनच होत्या. दोनात ताजीच्या आधीची कोणती? एक नंबरचीच. बासष्ट झाल्यावर फरक दिसला."

नितेशने कपाळावर हात मारला. "बाप रे. मी तिसरी आवृत्ती केली असती तं तिथंच सापडलं असतं."

"मग चुकलं कुणाचं?" सीमाताई म्हणाल्या.

सूर्यभानजींनी दोनदा दुमडलेला कागद टेबलावर उलगडला. घड्यांवर तो जरा मळला होता, पण लाल रेघा स्वच्छ दिसत होत्या.

"हा शब्द शाहीनने बरोबर लिहिला होता. मी कापला. अर्थ माहीत असून कापला. वऱ्हाडी कोशाच्या कार्यालयात बसून मी वऱ्हाडी शब्द चूक ठरवला." त्यांचा आवाज खाली गेला. "तिचा मले... मला हेवा वाटत होता."

खाली दवाखान्यात कुणाचा तरी नंबर पुकारला गेला.

शाहीन कागदावर वाकली. आता ती तिच्या नेहमीच्या बोलीत बोलली. "मी पाह्यल्या होत्या लाल खुणा. मले वाटलं, पयलेचीले शुद्ध मराठीत पहिली म्हनत असतील. विचाराले लाज वाटली. सतरा खुणा होत्या ना."

"त्यातल्या नऊ बरोबर आहेत," सूर्यभानजी म्हणाले. "गाडीत पुन्हा मोजल्या."

नितेशने खिशातली घडी काढून टेबलावर ठेवली. "काकाजी, हे बी तपासून द्या. मंग फाडतो."

सीमाताई हसल्या नाहीत. "नितेश, खोटी रजा घेतलीस, त्याचं मी नंतर पाहते. आईला बरं वाटतंय का, तेही सांग कधीतरी." मग सूर्यभानजींकडे वळून त्या म्हणाल्या, "तुम्ही राहा. पण यापुढे न विचारता शब्द कापायचा नाही. शंका आली तर प्रश्नचिन्ह करायचं आणि ज्याचा शब्द त्याच्याकडे जायचं." सूर्यभानजींनी मान हलवली. राजीनामा मागितला असता तर सोपं गेलं असतं, असं त्यांना वाटलं.

शाहीन आणि नितेश एव्हाना एकाच संगणकासमोर होते. "मागनाऱ्यानं शब्द कोनताबी टाको," नितेश म्हणत होता, "पन सर्व्हरनं द्याच्या पयले विचारावं. ही एकसष्टावी, मंगळवारची, देऊ का?" शाहीन म्हणाली, "आन मागनाऱ्यानं आपल्यापाशी कोनती हाये थे बी सांगावं. मंग फक्त फरक देजो, अख्खी कायले?" "म्हंजे आकडा बी आन शब्द बी." "तुहा आकडा, माहा शब्द." दोघं हसले. त्या टेबलाशी तिसरी खुर्ची नव्हती.

वकारला फोन गेला. या वेळी आकडा सांगितला, एकसष्ट, आणि त्याने तो दोनदा वाचून दाखवला. शनिवारी प्रकाशनाआधी पुस्तिका हॉलवर पोचवतो म्हणाला.

सगळे निघायच्या बेतात असताना सूर्यभानजी आपल्या संगणकाशी बसले. कोशात हा शब्दच नव्हता. त्यांनी एका बोटाने नोंद टंकली: अर्थ, आधीची, ताजी नव्हे ती, उदाहरण, मैनाबाईंचं भाकरीचं वाक्य. जतन करताना सर्व्हरने नेहमीप्रमाणे विचारलं, बदल का केला? त्यांनी लिहिलं: 'हा शब्द माहीत असून मत्सरापोटी कापला होता. सूर्यभान.' त्रेसष्टावी आवृत्ती. सर्व्हर काही टाकून देत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मागून शाहीन वाकून पाहत होती. "काकाजी," ती म्हणाली. आजवर ती सर म्हणायची. "तुमी 'पहिलेची' लिवलं."

त्यांनी पाहिलं. खरंच. हाताने आपणहून शब्द सुधारला होता.

"पयलेची," ती म्हणाली. "करू का?"

त्यांनी खुर्ची मागे घेतली. तिने उभ्या उभ्या तीन कळा दाबल्या, कारणाच्या जागी लिहिलं, 'आपण असं बोलतो', आणि जतन केलं. चौसष्टाव्या आवृत्तीला नाव शाहीनचं लागलं.

सूर्यभानजींना ते थोडं लागलंच.